सातोला हार घालण्याआधी

पुणे, रविवार

चि. सईस,


तुझ्या निबंधाचा आराखडा वाचला. ले. जनरल सातो कोतोकू हा माणूस निवडलास, हे फार बरं केलंस. रोमेल आणि पॅटनवर लिहिणारी मुलं तुझ्या तुकडीत पुष्कळ असतील. ज्याला त्याच्याच सैन्यानं वेडा ठरवलं, अशा जपानी सेनापतीकडे सहसा कुणी वळत नाही. पण ‘हुकूम मोडून जवान वाचवणारा सेनापती’ हे शीर्षक मला घाईचं वाटलं. आराखडा ३१ मे १९४४ ला सुरू होतो, म्हणजे सातोनं वरिष्ठांची परवानगी नसताना कोहिमाहून माघारीचा हुकूम दिला त्या दिवशी. तोवर या गोष्टीतलं महत्त्वाचं बरंचसं घडून गेलेलं असतं. तू सल्ला मागितलास म्हणून लिहितो. मामा म्हणून थोडं, आणि सारी नोकरी रसदीच्या खात्यात केलेला माणूस म्हणून जास्त.

आधी त्याचा मागचा पट नीट मांड. जन्म १८९३ चा, उत्तर जपानमधल्या यामागाता प्रांतातला. १९१३ मध्ये लष्करी अकॅडमीतून बाहेर पडला, पुढे वॉर कॉलेज केलं. १९३८ मध्ये रशियन सीमेवर खासान तलावाजवळच्या टेकडीसाठी लढाई झाली, तेव्हा तो ७५ व्या रेजिमेंटचा कमांडर होता. रणगाडे आणि तोफखाना घेऊन आलेल्या सोव्हिएत फौजेपुढे त्यानं टेकडी धरून ठेवली होती. हे पहिल्याच पानावर येऊ दे. नाहीतर पुढे माघार आली की वाचणारा म्हणेल, भित्रा होता. तो भित्रा नव्हता आणि हळवाही नव्हता. तिरसट होता, तोंडाचा फटकळ होता. १९३० च्या दशकात जपानी लष्करात जी गटबाजी माजली होती तीत तो एका बाजूला आणि त्याचा पुढचा वरिष्ठ मुतागुची रेन्या दुसऱ्या बाजूला होता. दोघांचं वाकडं ब्रह्मदेशात येण्याआधीपासूनचं होतं. हे लपवू नकोस. तत्त्वासाठी भांडणाऱ्या माणसाच्या मनात जुना राग नसतोच, असं समजणं भाबडेपणाचं आहे.

आता इंफाळच्या योजनेकडे ये. मुतागुची १५ व्या आर्मीचा प्रमुख. १९३७ मध्ये पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर ज्या चकमकीतून चीनचं युद्ध पेटलं, तिथली रेजिमेंट त्याच्याच हाताखाली होती. इंफाळ घेतलं की हिंदुस्थानचं दार उघडेल, असं त्याच्या मनानं घेतलं. तीन डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडणार. ३३ वी आणि १५ वी इंफाळवर जाणार, आणि सातोची ३१ वी कोहिमाला जाऊन दिमापूरकडून येणारा रस्ता तोडणार. तीन आठवड्यांत काम फत्ते. जवानानं पाठीवर साधारण तेवढ्याच दिवसांचा शिधा न्यायचा. सोबत बैल, शेळ्यामेंढ्यांचे कळप हाकायचे. जनावरांनी आधी ओझं वाहायचं आणि मग त्यांनाच खायचं. चंगेजखानाची युक्ती म्हणे! मंगोल गवताळ माळावरून गेले होते. इथे रुंद नदी होती आणि पलीकडे नागा टेकड्यांच्या रांगांवर रांगा. नदीतच कितीतरी जनावरं वाहून गेली, उरलेली चढावर पडली. आणि शिधा संपल्यावर काय? इंग्रजांची कोठारं हाती लागतील, ती खायची.

इथे थांब आणि कागदपेन्सिल घे. ३१ व्या डिव्हिजनमध्ये १५,००० च्या आसपास माणूस होतं. डोंगर चढणाऱ्या जवानाला दिवसाला ६०० ग्रॅम तांदूळ धर, म्हणजे रोज नऊ टन झाले. नुसता तांदूळ. त्यात मीठ नाही, तोफांचे गोळे नाहीत, कुनैन नाही. चिंदविनकाठचं होमालिन ते कोहिमा सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर, पायवाटेनं त्याहून कितीतरी अधिक. आता या वाटेनं रोज नऊ टन तांदूळ पोचवायला किती खेचरं लागतील, ती खेचरं स्वतः किती खातील, परत यायला त्यांना किती दिवस लागतील, हे मांड. तासाभराचं काम आहे. तुझ्या लक्षात येईल की सातोची माघार मे महिन्यात ठरली नाही. ती या बेरीजवजाबाकीत आधीच लिहिलेली होती, आणि मे महिन्यात पावसाबरोबर उघडी पडली.

हा हिशेब कुणी केलाच नव्हता असं नाही. १५ व्या आर्मीचा चीफ ऑफ स्टाफ ओबाता हा वाहतूक आणि रसदीतला जाणकार. त्यानं १९४३ मध्येच सांगितलं की हे जमणार नाही. मुतागुची ऐकेना, तेव्हा त्यानं एका डिव्हिजन कमांडरला मध्ये घातलं, की तुम्ही जरा समजावा. झालं! हाताखालचा माणूस आपल्या मागे तिसऱ्याच्या कानी लागतो, याचा मुतागुचीला संताप आला आणि ओबाताची उचलबांगडी झाली. ओबाताचं गणित बरोबर होतं. सांगण्याची वाट चुकली आणि गणितही वाया गेलं. त्यानंतर मुख्यालयात उरले ते माना डोलावणारे. ३३ व्या डिव्हिजनचा यानागिदा सुरुवातीलाच कचरत होता. मार्चअखेरीस त्यानं मोहीम आवरती घ्यावी असं कळवलं, तर त्याला भेकड ठरवून मे महिन्यात काढलं. म्हणजे वेळेवर बोललं की ऐकलं जातंच, असा गोड समज करून घेऊ नकोस.

आणि सातो? त्याला हे सगळं दिसत होतं. चिंदविन ओलांडण्याआधी त्यानं आपल्या अधिकाऱ्यांना सरळच सांगितलं होतं म्हणतात, की चमत्कार झाला नाही तर आपण गोळीनं नव्हे, उपासानं मरणार आहोत. आर्मी मुख्यालयाकडून त्यानं रसद पाठवण्याचं वचन मात्र घेतलं, आणि १५ मार्चला तो निघाला. माझं सातोशी भांडण आहे ते इथे. ज्या मुख्यालयावर आपला काडीचा विश्वास नाही, त्याच्या वचनावर १५,००० माणसं डोंगरात न्यायची? तू म्हणशील, नाही म्हटला असता तर त्याला काढून दुसरा कुणी नेला असता. खरं आहे. कदाचित तो दुसरा शेवटपर्यंत माघारही न घेणारा निघाला असता. मी या प्रश्नाभोवती पुष्कळ घिरट्या घातल्यात आणि सातोला पूर्ण दोषी धरायला मन धजत नाही. पण निबंधात हा प्रश्न आला नाही, तर निबंध हा सत्कार होईल.

वाटेतलं संगशाक सोडू नकोस. इथे आपली माणसं होती. सातोचा इन्फन्ट्री प्रमुख मेजर जनरल मियाझाकी शिगेसाबुरो ५८ वी रेजिमेंट घेऊन कोहिमाकडे चालला होता. संगशाक खरं तर शेजारच्या १५ व्या डिव्हिजनच्या हद्दीत, पण समोर शत्रू दिसतोय म्हटल्यावर तो तिकडे वळला. गावात ५० वी हिंदी पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्यासोबत आपली मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे चौथी बटालियन, पाचवी मऱ्हाटा. पाण्याची टंचाई, काटेरी तार नाही, खडकामुळे खंदक धड खणता येत नाहीत. अशा जागी त्यांनी २६ मार्चच्या रात्रीपर्यंत तग धरला आणि मग हुकमानं वेढ्यातून निसटले. ब्रिगेडची सहाशेच्या आसपास माणसं गेली किंवा जायबंदी झाली. एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला, त्यावरून समजलं की कोहिमावर अख्खी डिव्हिजन येतेय. या अडथळ्यापायी मियाझाकीचे जे दिवस गेले ते सातोला पुढे कधी भरून काढता आले नाहीत. त्याच्या शिध्याचे तीन आठवडे मोजूनमापून होते, त्यातलेच हे दिवस. सातोबद्दल कणव वाटू दे, माझी हरकत नाही. फक्त बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला देशावरची आणि कोकणातली पोरं होती, हेही तुझ्या निबंधात दिसू दे.

कोहिमाची लढाई तुला तोंडपाठ असेल. ४ एप्रिलच्या सुमारास वेढा पडला. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर दोन्ही बाजूंचे खंदक हातबॉम्ब फेकण्याच्या अंतरावर आले. १८ ते २० एप्रिलदरम्यान कुमक पोचून वेढा उठला, आणि त्यानंतरही सहा आठवडे जपानी सैनिक बंकर सोडेनात. यावर पानं खर्चू नकोस. त्यापेक्षा दिमापूरवर लिही. कोहिमापासून ४६ मैलांवर रेल्वेचं दिमापूर, आणि तिथे अकरा मैल लांब पसरलेलं इंग्रजांचं कोठार. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे संरक्षण जवळजवळ नव्हतंच. इंग्रजांचा सेनापती स्लिम, त्यानं युद्धानंतर लिहिलं की सातोनं कोहिमाला थोडी फौज ठेवून बाकीची दिमापूरवर नेली असती तर आपली धडगत नव्हती. सातोला तो कल्पनाशून्य सेनापती म्हणतो. आपल्या विमानदळाच्या लोकांना सातोच्या मुख्यालयावर बॉम्ब टाकण्यापासून आपण थांबवलं, कारण इतका उपयोगी शत्रू सेनापती गमवायचा नव्हता, असा टोमणाही मारतो. मुतागुचीही म्हातारपणी हाच धागा धरून बसला, की दिमापूर घेतलं असतं तर मी जिंकलोच होतो. पण त्याचा दिमापूरचा बेत खुद्द त्याच्या वरच्या कावाबेनं रोखला होता, हेही तितकंच खरं. ज्या अन्नासाठी सातोचे जवान मेले ते दोनतीन दिवसांच्या चालीवर पडून होतं, आणि तिथे जायचा हुकूम त्याला नव्हता. पुढे हुकूम मोडणाऱ्या माणसानं तेव्हा तो मोडला नाही. याचा निकाल तू देऊ नकोस, परीक्षकाला देऊ दे.

मग मे महिना. पाऊस, मलेरिया, हगवण, बेरीबेरी. रसद आली नाही ती नाहीच. सातो तारांवर तारा करत होता आणि प्रत्येक तार आधीच्या तारेपेक्षा तिखट होत गेली. २५ मेच्या सुमारास त्यानं कळवलं की १ जूनपर्यंत आपण कोहिमा सोडणार. मुतागुचीनं कोर्ट मार्शलची धमकी दिली. सातोच्या उत्तराचा मतलब असा, की खुशाल करा, मी बुडालो तर तुम्हाला घेऊन बुडेन. ३१ मेला डिव्हिजन हलली. उखरुलला पोचली तर तिथेही दाणा नव्हता. पाठोपाठ ओबातानंतर आलेला आर्मीचा चीफ ऑफ स्टाफ कुनोमुरा हुकूम घेऊन आला, की वळा आणि इंफाळच्या लढाईत सामील व्हा. सातोनं त्याला आधी अन्न दाखव म्हणून वाटेला लावलं.

या माघारीची किंमत कुणी मोजली? मियाझाकीनं मोजली. जेमतेम साडेसातशे माणसं देऊन सातोनं त्याला मागे ठेवलं, रस्ता अडवून धर म्हणून. त्यानं जवळजवळ तीन आठवडे धरला. २२ जूनला १०९ व्या मैलाच्या दगडापाशी इंग्रजांच्या दोन फौजा भेटल्या आणि इंफाळची वाट मोकळी झाली. इंफाळभोवती अडकलेल्या १५ व्या डिव्हिजनची बाजू उघडी पडली. आणि ज्यांचं नाव कुठल्याच बाजूच्या पुस्तकात धड येत नाही ते नागा गावकरी. उपाशी सैन्य येताना आणि जाताना त्यांच्याच कणग्यांवर, डुकरांवर, गाईगुरांवर जगलं. सातोच्या जवानांची भूक आपण सगळे लिहितो. त्या गावांनी तो पावसाळा कशावर काढला?

आता मला या साऱ्या कहाणीत सर्वांत भयंकर वाटतो तो प्रसंग सांगतो. त्यात सातो नाहीच. जूनच्या पहिल्या आठवड्यात बर्मा एरिया आर्मीचा प्रमुख कावाबे रंगूनहून मुतागुचीच्या पुढच्या मुख्यालयात आला. दोघांची जुनी ओळख. १९३७ मध्ये मुतागुचीची रेजिमेंट ज्या ब्रिगेडमध्ये होती तिचा प्रमुख हाच कावाबे. मोहीम मेली आहे, हे दोघांनाही कळून चुकलं होतं. मुतागुचीनं पुढे सांगितलं की माघार घ्यावी हे शब्द ओठांपर्यंत आले, पण निघाले नाहीत. माझा चेहरा पाहून तोच ओळखेल अशी आशा वाटली. कावाबेलाही जाणवलं की याला काहीतरी बोलायचं राहिलंय. त्यानं विचारलं नाही. दोघं उठले. मोहीम थांबवण्याचा हुकूम निघाला जुलैच्या सुरुवातीला. मधला महिनाभर धो धो पावसात इंफाळभोवती हल्ले चालू राहिले. सुमारे ८५,००० माणसांच्या त्या मोहिमेत ३०,००० वर मेली, त्यातली बहुतेक भुकेनं आणि रोगानं. परतीच्या वाटेला जपानी लोक आजही हाडांचा रस्ता म्हणतात. दोन अनुभवी सेनापती समोरासमोर बसले, आणि एकाच्याही तोंडून एक वाक्य निघेना!

सातोचा फटकळपणा या खोलीशेजारी ठेवून बघ. माझा त्याच्याबद्दलचा आदर इथून सुरू होतो.

आणि तो वाढतो तो जुलैत. सातोला काढलं. यानागिदा आधीच गेलेला. १५ व्या डिव्हिजनचा यामाउची क्षयानं खंगलेला, त्यालाही काढलेलं. तो ऑगस्टमध्ये वारला. एका मोहिमेत तिन्ही डिव्हिजनचे प्रमुख बदलले गेले, असं जपानी सैन्यात कधी झालं नव्हतं. सातोला सुचवलं गेलं की आता इभ्रतीचा मार्ग एकच, पोट फाडून घे. त्यानं साफ नकार दिला आणि उलट मागणी केली, की माझ्यावर कोर्ट मार्शल चालवा. हुकूम मोडलाय, सगळ्यांसमोर सांगतो का मोडला ते. हे मात्र वरच्यांना परवडणारं नव्हतं. डिव्हिजनचा प्रमुख थेट सम्राटाच्या नावानं नेमलेला असे. खटला उभा राहिला तर रसदीचे कागद बाहेर येणार, योजना कुणी मंजूर केली हे विचारलं जाणार. म्हणून डॉक्टरांकरवी त्याचं मन ठिकाणावर नाही असं ठरवलं आणि दूर धाडलं. खटला झालाच नाही. युद्धानंतर तो १९५९ पर्यंत जगला. यामागातामध्ये त्याच्या वाचलेल्या जवानांनी त्याच्या नावाचा दगड उभारला. मुतागुची १९६६ पर्यंत आपलं कसं बरोबर होतं हेच सांगत राहिला.

निबंधाचं इतकं. आता तुझ्याबद्दल.

लेफ्टनंट म्हणून तुला डिव्हिजन माघारी न्यायची नाहीये. तुझ्या वाट्याला येतील ते नकार टीचभर असतील. एखादा राशनचा तक्ता सहीला येईल आणि आकडे जुळणार नाहीत. एखादी गाडी चढावर धाडायला सांगतील आणि एमटी हवालदार पुटपुटेल की ब्रेक बरोबर नाहीत. दरबारात सीओ साहेब विचारतील, आणि तुझ्यासकट सगळे ‘सब ठीक है, साहब’ म्हणतील. कावाबे आणि मुतागुची त्या खोलीत एका दिवसात पोचले नव्हते. अशा हजार ‘सब ठीक है’ वरून चालत तिथे आले होते. तेव्हा तक्त्यावर सही करू नकोस. गाडी थांबव. बोलायचं ते त्याच माणसाशी बोल ज्याच्या हातात बदलणं आहे, दुसऱ्याला मध्ये घालू नकोस. चार लोकांत नको, त्याच्या दालनात जा. सोबत कागद ने. त्यावर विशेषणं नकोत, आकडे हवेत. रागानं लिहिलेली तार वाचणाऱ्याला राग तेवढा दिसतो. सातोच्या तारांचं तेच झालं.

वरिष्ठानं ऐकून घेऊन नाही म्हटलं आणि हुकूम कायदेशीर असला, तर तो पाळ, आणि मनापासून पाळ. आर्मी अॅक्टचं ४१ वं कलम तू वाचलंच आहेस. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा त्याला जे दिसतंय ते तुझ्या जागेवरून दिसत नसतं. उरलेली एक वेळ आयुष्यात आली, तर मोडताना चौकशी स्वतःहून मागायची तयारी ठेव, आणि जाताना मागे कुणाला ठेवून जातेयस ते स्वतः जाऊन बघ. ती तयारी नसेल तर बंडाची भाषा बोलू नकोस. नुसती घोषणा करणारे मेसमध्ये रात्री दहानंतर भरपूर भेटतात.

आराखड्याची सुरुवात १९४३ मधल्या ओबातापासून कर. ३१ मे शेवटच्या तिसऱ्या भागात येऊ दे. संगशाकला एक पान, दिमापूरला दोन. मियाझाकीवर मोह आवर. खांद्यावर माकड घेऊन फिरणारा आणि युद्धानंतर तोक्योत चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान चालवणारा तो माणूस पुढच्या सत्रासाठी राखून ठेव. स्लिमचं पुस्तक वाच, पण जिंकलेल्यानं लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवून. खेचरांचा हिशेब झाला की मला पाठव, मी तपासून देतो. खेचराच्या चाऱ्याचं वजन धरायला सगळे विसरतात.

आईला फोन करत जा.

तुझा,
मामा